काचेवर राहिलेला चेहरा

मित्रांनो, माझ्यासारखा जुना स्कॅनर तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही नसेल. वर झाकण, खाली काच आणि काचेखाली सरकणारा दिवा, एवढाच माझा देह. काचेवर जे पालथं ठेवाल तेवढंच मला दिसतं; बाकी जग मी नुसतं ऐकतो. नाशिकला द्वारका चौकाजवळ महेशभाऊंचं इंटरनेटचं दुकान होतं. तिथं मी सहा वर्षं काम केलं. पुष्कळ जण आपल्या आयुष्यातलं कौतुक सांगतात. मला मात्र एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो खोकं उघडल्याचा आवाज, आणि महेशभाऊंनी माझ्यावर ठेवलेला पहिला कागद. त्यांचंच दहावीचं गुणपत्रक होतं. इंग्रजीत पस्तीस. ते पस्तीसही मी इतके स्वच्छ दाखवले की दुकानातली माणसं हसली. "नजर बघा याची!" भाऊ म्हणाले. त्या दिवशी मला फार भारी वाटलं. भाऊ रोज सकाळी मऊ फडक्यानं माझी काच पुसत.

मग भाऊंना नवा नाद लागला. इंटरनेटवरून फोटो पाठवायचे आणि छापून कुरियरनं मागवायचे. चौकातल्या स्टुडिओपेक्षा ते निम्म्यात पडे. पण कंपनी चांगली हवी ना! भाऊंनी आपल्या आईचा एकच फोटो तीन ठिकाणी पाठवून पाहिला. पहिल्या ठिकाणाहून आई जांभळी होऊन आली. दुसऱ्यांनी कागदात बसवताना तिचं कपाळच कापलं. तिसरे थोडे महाग होते, पण त्यांचा कागद जाड होता, रंग खरे होते आणि आपण सांगितलं तर ते फोटोचा रंग मनानं बदलत नसत. भाऊंनी तेच पक्के केले.

दिंडोरीपासून सायखेड्यापर्यंतची माणसं जुने फोटो घेऊन येऊ लागली. एक फोटो नीट वाचायला मला चार मिनिटं लागत. गर्दी वाढली तसे भाऊ मला घाईनं पळवू लागले. चाळीस सेकंदांत एक फोटो! छोटा छापला तर खपून जाई; मोठा केला की चेहऱ्याचे नुसते ठिपके दिसत. कोणी तक्रार केली की भाऊ म्हणत, "कंपनीनंच घाण केली, काका. मी काय करणार?" फडकंही कुठंतरी गेलं. भाऊ शर्टाच्या बाहीनं काच पुसत. मी अर्धवट पाहून पुढं पाठवतो आहे हे मला कळत होतं. आधी वाईट वाटायचं. पुढं सवय झाली.

दोन हजार आठच्या पावसाळ्यात गोदावरीला पूर आला. पाणी ओसरल्यावर सायखेड्याहून सिंधुबाई आणि त्यांची मुलगी उज्वला दुकानात आल्या. सिंधुबाईंच्या घरात पाणी शिरलं होतं. त्यांचे यजमान खंडेराव हे, उज्वला तीन वर्षांची असतानाच गेले होते, आणि त्यांचा तेवढा एकच फोटो घरात होता.

"मोठा करून द्या भाऊ," सिंधुबाई म्हणाल्या. "पण अजून दमट लागतोय हाताला. वाळवून आनू का?"

"काही होत नाही, मावशी. दोन तासांनी या."

भाऊंनी फोटो माझ्यावर पालथा ठेवला आणि झाकण लावलं. तेवढ्यात कॉम्प्युटर अडकला, परीक्षेचे फॉर्म भरणारी मुलं आली, आणि भाऊ फोटो विसरले. माझा दिवा मात्र जळत राहिला. दोन तास मी खंडेरावांकडे बघत होतो. खांद्यावर छोटी उज्वला, तिचे पाय एका हातानं घट्ट धरलेले, आणि ओठ मुडपून दाबलेलं हसू. त्यांचा ओला गाल माझ्या गरम काचेला हळूहळू चिकटत होता. मला ते जाणवत होतं, पण हाक मारायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

माघारी आलेल्या बायकांचा आवाज ऐकून भाऊंनी घाईनं झाकण उघडलं आणि फोटो ओढला. टर्रकन आवाज झाला. फोटो गेला, चेहरा माझ्यावरच राहिला.

मग भाऊ म्हणाले, "मावशी, हा पाण्यानं आधीच गेला होता. बघा, हात लावताच सुटला."

मला वाटलं, आता रडणं ऐकू येईल. तसं झालं नाही. बांगड्या वाजल्या. त्यांनी हात जोडले असावेत.

"माझंच चुकलं भाऊ," सिंधुबाई म्हणाल्या. "मलाच नाय सांभाळता आला. तुमाला उगा तरास दिला, माफ करा."

भोक पडलेला फोटो घेऊन त्या निघून गेल्या.

थोड्या वेळानं एका मुलाचा दाखला माझ्यावर आला. वरून भाऊंना काचेवर नुसता पांढरा पापुद्रा दिसत होता. मला खालून दिसत होते ते खंडेराव. जे दिसलं ते मी पाठवलं. "काका, माझ्या दाखल्यावर हे कोण?" मुलगा म्हणाला. भाऊंची खुर्ची करकरली. मुलाला त्यांनी दुसऱ्या दुकानात पाठवलं. मग वहीत लिहून घेतलेला नंबर काढून त्यांनी उज्वलाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. भाऊ म्हणाले, "मावशी, फोटो तुमच्यामुळं गेला नाही. तुम्ही ओला आहे म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि वर खोटं बोललो."

उज्वला म्हणाली, "दादा, आई काल सायखेड्यापर्यंत रडत गेली. फोटोसाठी नाही. 'माझ्या हातून ते दुसऱ्यांदा गेले,' म्हणत होती."

भाऊंनी तो भोकाचा फोटो मागून घेतला आणि काचेवरच्या चेहऱ्याभोवती नीट जुळवून ठेवला. या वेळी त्यांनी मला घाई केली नाही. मी सगळी ताकद लावून, अगदी सावकाश, ते दाबलेलं हसू वाचलं. फाटल्याची रेघ भाऊंनी कॉम्प्युटरवर दोन दिवस बसून बुजवली.

आठवड्यानं कुरियर आलं. छपाई उत्तम झाली, असं दुकानात सगळे म्हणाले. फोटो न्यायला आलेल्या सिंधुबाईंनी भाऊंना विचारलं, "आन् माझा जुना?" तो परत देण्यासारखा राहिला नव्हता; चेहरा अजून माझ्या काचेलाच चिकटलेला होता. नवा फोटो घेऊन त्या उठल्या. भाऊंना त्यांनी दोष दिला नाही, माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत.

भाऊंनी नवा स्कॅनर आणला. माझ्या काचेवरचा पापुद्रा त्यांनी खरवडला नाही. मला कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

मित्रांनो, घरातले जुने फोटो छापून घ्या. स्वस्तात चांगलं काम करणारी माणसं शोधली की सापडतात. फोटो आधी पूर्ण वाळवा, काच पुसायला लावा, आणि दुकानदाराला घाई करू देऊ नका. आणि तुमच्या हातून दुसऱ्याची वस्तू खराब झाली, तर तिथल्या तिथं सांगून टाका. चूक नसलेल्या बाईनं आमच्यापुढं हात जोडले होते, आणि आम्ही ते जोडू दिले.