पाठीवरची पट्टी

ती गेली हे इस्त्रीवाल्याला कळलं त्या दुपारी दुकानात थट्टामस्करी चालली होती. पडद्यामागे त्यांचं घर होतं; तिथल्या बाकावर त्याची बायको झोपली होती आणि घोरत होती. घोरणं असं, की शर्ट न्यायला आलेला ड्रायव्हर म्हणाला, "वहिनींनी ट्रक कधी घेतला?"

"हळू बोल रे. किती दिवसांनी डोळा लागलाय तिचा."

मनातून तो खूश होता. पाठीच्या ऑपरेशनपासून तिला धड झोप नव्हती, त्यात जिन्यावरून पडून मनगट मोडलं होतं. घोरणं मधेच अडायचं, मग जोरात सुरू व्हायचं. ते थांबलं तेव्हा त्याला वाटलं, कूस बदलली असेल. हातातली पँट पुरी करून तो चहा घेऊन आत गेला. तिचे ओठ निळे पडले होते.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हिने काय घेतलं होतं? मनगटासाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्याने पुढे केल्या. तेवढ्यात नर्सने पाठीवरची पट्टी दाखवली.

"ही कधीपासून?"

"ऑपरेशन झाल्यापासून. पण ते औषध नाही, पट्टी आहे."

बाईंनी आधी पट्टी सोलून काढली. मग त्यांनी सांगितलं. पट्टीतलं औषध कातडीतून सारखं अंगात जात असतं. गोळ्याही त्याच जातीच्या, अफूच्या घराण्यातल्या. दोन्ही एकत्र आल्या की श्वास मंदावत जातो. ती झोप नव्हती. श्वास अडकत होता.

हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, दुसरं औषध काय चालू आहे? तिने थायरॉईडची गोळी सांगितली आणि शेजारी बसून त्यानेही मान डोलावली. गिळतात ते औषध, चिकटवतात ती पट्टी, एवढंच घरात माहीत होतं.

लोकांना त्याने सांगितलं, हृदय बंद पडलं. ते तसं खोटंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिची थोरली बहीण कपडे आवरायला आली. कपाटातून तिने पट्ट्यांचा खोका काढला आणि पर्समध्ये टाकायला लागली.

"भाऊजी, हे मी नेते. गुडघ्याने जीव नकोसा केलाय."

"नको, ताई."

"अहो, तुम्हाला कशाला हव्यात? इस्त्रीला चिकटवणार?"

"गुडघ्याला गोळ्या घेता का तुम्ही?"

"घेते की. तिच्याच डॉक्टरांच्या. तिनेच तर धाडलं मला त्यांच्याकडे." ताईंनी पर्समधून पाकीट काढून दाखवलं. तेच होतं, मनगटाच्या गोळ्यांचं.

त्याने खोका हिसकावून घेतला.

ताई भडकल्या. "माझ्या बहिणीच्या वस्तूला मी हात लावायचा नाही? एवढे चिक्कू कधी झालात?"

आता सांगितल्यावाचून सुटका नव्हती.

"ताई, ती घोरत होती. मी इथेच इस्त्री करत होतो. आम्ही हसत होतो."

मग त्याने पट्टीचं, गोळ्यांचं, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ताई बाकावर बसल्या आणि तोच तो बाक हे ध्यानात येताच झटकन उठल्या.

"हलवून उठवलं असतंत तर?"

"लगेच आणली असती तर कदाचित वाचली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

ताईंनी पर्स उचलली आणि कपडे तसेच टाकून त्या निघून गेल्या. तेव्हापासून त्या त्याचा फोन घेत नाहीत. पट्टी मात्र त्यांनी कुठूनच घेतलेली नाही, हे त्याने त्यांच्या मुलीला विचारून घेतलं.

उरलेल्या पट्ट्या तो हॉस्पिटलात परत देऊन आला. मग हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत गेला. बाहेर हातापायांना प्लास्टर घातलेली माणसं नंबर लावून बसली होती. आत जाऊन सुरुवात कुठून करायची ते त्याला सुचेना. तो परत फिरला.

औषधं विचारताना पट्टीचंही विचारा, एवढंच त्या डॉक्टरांना सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.