बाद फेरीच्या शनिवारी

वेंडेलने रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर कॉलेज फुटबॉलच्या निवड समितीतली माणसं ओठ हलवत राहिली आणि त्यांच्या खाली आमच्या कॉलेजचं नाव आठव्या क्रमांकावर तसंच राहिलं. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता, त्याला पलीकडच्या गल्लीतून दुसऱ्या हॉर्नने उत्तर दिलं. ग्लेंडाच्या मांडीवर उकडलेल्या शेंगांचा वाडगा होता. ती टरफलं वाटीत टाकत होती.

"आठवा," वेंडेल म्हणाला.

"म्हणजे सामना इथे."

"इथेच."

"कधी?"

वेंडेलने तिच्याकडे पाहिलं नाही. "वीस तारखेला. शनिवारी, दुपारी."

वीस डिसेंबरला, शनिवारी दुपारी, त्या दोघांचं लग्न होतं.

आमच्या गावात फुटबॉलच्या हंगामात लग्न करत नाहीत. तसा नियम नाही, पण शरद ऋतूतल्या शनिवारी चर्चमध्ये उभी राहणारी जोडी एकतर बाहेरगावची असते, नाहीतर फार घाईत असते. मेलेल्या माणसांनाही शक्यतो सोमवारपर्यंत थांबवतात. ग्लेंडा पेटसला हे आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत, कारण गावातल्या बहुतेक लग्नांचे केक तिच्या बेकरीतून जातात. तरी चूक केली ती तिनेच. उन्हाळ्यात कॅलेंडर पुढ्यात घेऊन तिने डिसेंबरातला तिसरा शनिवार धरला. हंगाम संपला की बार उडवून टाका, असं ती आयुष्यभर मुलींना सांगत आली होती, तसंच स्वतःला सांगितलं. हंगाम आता तिथे संपत नाही हे तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. पूर्वी अजिंक्यपदासाठी चार संघ खेळत, तेही कुठल्यातरी दूरच्या शहरात, आणि त्या चारांत आमची पोरं कधी नव्हती. आता बारा खेळतात, आणि बाद फेरीचे पहिले सामने ज्याचा क्रमांक वर त्याच्या घरच्या मैदानावर होतात.

हे बारा व्हावेत म्हणून गावात सगळ्यात जास्त घसा कुणी कोरडा केला असेल तर ग्लेंडाच्या पहिल्या नवऱ्याने, डॉइलने. आणि चारच बरे म्हणून कुणी सगळ्यात जास्त मान हलवली असेल तर ती वेंडेलने. स्टेडियममध्ये दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. लग्नं झाली, मुलं झाली, वेंडेलचा घटस्फोट झाला, पण खुर्च्या बदलल्या नाहीत.

"एका शनिवारी पाय घसरला म्हणून पोरांचं अख्खं वर्ष बुडवायचं?" डॉइल म्हणायचा. "दार उघडा. बारा घ्या, सोळा घ्या. डिसेंबरात एकदा इथे सामना होऊ दे, मग मी डोळे मिटायला मोकळा."

"चोवीस घे," वेंडेल म्हणायचा. "मागेल त्याला घे. मग ऑक्टोबरात हरलं तरी सगळ्यांना शांत झोप लागेल. अरे, ती झोप लागू नये म्हणून तर आपण इथे येतो."

बाराचा निर्णय झाला तेव्हा डॉइल होता. पैज जिंकल्याबद्दल त्याने वेंडेलकडून डुकराच्या बरगड्यांचं जेवण वसूल केलं आणि उरलेलं डब्यात भरून घरी आणलं. मात्र बारा संघांचा पहिला हंगाम सुरू व्हायच्या आत तो गेला. वसंतात अंगणातलं गवत कापताना खाली बसला, तो उठला नाही.

"जिंकला," टीव्हीकडे बघत वेंडेल म्हणाला. कोण, ते ग्लेंडाला विचारावं लागलं नाही.

"तारीख बदलायची का?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कशाला?"

"सामना आहे."

"मी बारा संघांच्या विरोधात आहे," वेंडेल म्हणाला. "पहिल्यापासून."

ग्लेंडा हसली. पण टीव्ही मुका असूनही त्याची नजर तिथून हलली नव्हती, हे तिने पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात सगळं गाव तिच्या बेकरीत येऊन गेलं. कुणाला अचानक पाठदुखी उपटली, कुणाच्या आत्याला बघायला जायचं होतं. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी निदान तोंडावर सांगितलं की त्यांचा नातू कॉलेजच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. ग्लेंडाची मुलगी शेल्बी दोन दिवस गप्प बसली आणि तिसऱ्या दिवशी काउंटरच्या आत आली.

"आई, एक आठवडा पुढे ढकल ना. काय बिघडतं?"

"बिघडत काही नाही."

"मग? मिस्टर वेंडेलना पण बरं वाटेल. ते बोलणार नाहीत, पण गावात दुसरा विषय नाहीये. डॅडी असता तर..."

"डॅडी असता तर मी दुसरं लग्न कशाला केलं असतं?" ग्लेंडा म्हणाली आणि केकवर पाकळी काढत राहिली.

शेल्बीला हसू आलं. मग तिने आवाज खाली आणला. "तुला माहितीये ना, डॅडीची खुर्ची त्यांनी अजून ठेवलीये? दर वर्षी दोन्ही तिकिटं घेतात. त्या खुर्चीवर आपला कोट ठेवतात आणि कुणाला बसू देत नाहीत. टचडाउन झाला की तिकडे वळून काहीतरी पुटपुटतात म्हणे. लोक हसत नाहीत, पण बघतात."

"माहितीये," ग्लेंडा म्हणाली. कोटाचं माहीत होतं. पुटपुटण्याचं नव्हतं.

तिचं सगळं अडलं होतं ते इथेच. डॉइलचा मित्र म्हणून वेंडेलने तिच्या छपराची पन्हाळी साफ केली, डॉइलचा मित्र म्हणून गाडीचं तेल बदललं, डॉइलचा मित्र म्हणून तो संध्याकाळी पायरीवर बसू लागला. बोलणं बहुतेक डॉइलचंच असे. आधी तिला ते गोड वाटलं, नंतर जरा जड व्हायला लागलं. तो तिच्याशी लग्न करत होता की डॉइलच्या घराशी, हे तिला कळेना. विचारण्यात अर्थ नव्हता. विचारलं असतं तर त्याने तिला हवं तेच उत्तर दिलं असतं, कारण माणूस भला होता. आणि नुसत्या भलेपणावर उरलेलं आयुष्य काढायची तिची तयारी नव्हती. आता हा शनिवार आयता चालून आला होता. डॉइलने जन्मभर वाट पाहिलेला सामना एका बाजूला आणि ती दुसऱ्या बाजूला. वेंडेल कुठे उभा राहतो, आणि उभा राहिला तरी त्याचे कान कुठे असतात, ते तिला बघायचं होतं.

शुक्रवारी तिने त्याला विचारलं, "नवऱ्याचा केक कसला करू?"

आमच्याकडे नवऱ्याचा केक वेगळा असतो, आणि ग्लेंडाने आजवर त्यासाठी किती चेंडू, किती हेल्मेटं आणि किती स्टेडियमं भाजली असतील, गणती नाही.

"चॉकलेटचा," वेंडेल म्हणाला. "गोल. वर काही नको."

शनिवारी सकाळपासून गावात गाड्या मावेनात. चर्चचं आवार सामन्याच्या दिवशी तरुण मंडळ गाड्या लावायला भाड्याने देतं. ही जुनी पद्धत, आणि त्या दिवशी चर्चमध्ये लग्न आहे हे मंडळाला कुणी सांगितलंच नाही. नवरी उतरली ती मागच्या गल्लीत, आणि झगा गुडघ्यापर्यंत उचलून सामन्याआधी गाड्यांपाशी मांस भाजत बसलेल्या लोकांच्या शेगड्यांमधून वाट काढत आली. एका अनोळखी माणसाने तिला सॉसेज देऊ केलं.

आत ओळीच्या ओळी रिकाम्या होत्या. गोंगाट न सोसणाऱ्या काही म्हाताऱ्या, वेंडेलचा लांबच्या राज्यातून आलेला भाऊ आणि शेल्बी, बस. शेल्बीचा नवरा तब्येतीचं कारण सांगून स्टेडियममध्ये होता. पाद्री ब्रदर लॅमर पुढे उभे होते. त्यांचा टाय कॉलेजच्या पिवळ्या रंगाचा होता आणि तो योगायोग आहे असा चेहरा त्यांनी ठेवला होता.

वेंडेल वेळेआधी आला होता. राखाडी सूट, केस पाण्याने बसवलेले. खुर्चीवर ठेवायचा तो कोट त्याच्या अंगात नव्हता आणि हातावरही नव्हता. ग्लेंडाने आधी तेच पाहिलं.

स्टेडियम चर्चपासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. प्रार्थना चालू असताना बँड वाजला. वचनं सुरू झाली तेव्हा ढोलांनी रंगीत काचा हलल्या. ब्रदर लॅमरांनी वेंडेलला विचारलं, सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात, आणि नेमकी तेव्हाच बाहेर हजारो माणसं एकदम हळहळली. म्हाताऱ्यांच्या माना वळल्या. खुद्द ब्रदर लॅमरांचा एक शब्द घसरला.

वेंडेलची मान वळली नाही. "हो," तो म्हणाला. तो तिच्याकडेच बघत होता.

ग्लेंडाला हायसं वाटलं.  उगाच शंका घेतली याची तिला जरा लाजही वाटली.

मग ब्रदर लॅमर तिच्याकडे वळले. "आणि तू, ग्लेंडा, ह्या माणसाला आपला..."

तेव्हा तो आवाज आला. आधी जमिनीतून, मग भिंतींतून, मग सगळीकडून. असा आवाज एकाच गोष्टीचा असतो. आमच्या पोरांनी चेंडू मैदानाच्या पार टोकाला नेऊन टचडाउन केला होता.

ग्लेंडा वाकली आणि हातातली फुलं तिने वेदीच्या पायरीवर ठेवली. अगदी हलकेच, फुलांचं तोंड वर करून, आतलं काही सांडू नये तशी. मग मोकळे हात पोटाशी धरून ती खिडकीकडे बघत उभी राहिली.

ब्रदर लॅमर थांबले. शेल्बीने एक पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं.

टचडाउननंतर एका जादा गुणासाठी किक मारायची असते. चेंडू खांबांमधून गेला की कॉलेजच्या मनोऱ्यावरची घंटा वाजते. डॉइल स्टेडियममध्ये असायचा तेव्हा ग्लेंडा बेकरीत रविवारचे केक सजवत असायची, मागची खिडकी उघडी टाकून. ओरडा ऐकू आला की ती क्रीमची पिशवी खाली ठेवायची आणि घंटेची वाट बघायची. तोवर डॉइल श्वास धरून बसलेला असणार हे तिला माहीत होतं. घंटा झाली की पिशवी पुन्हा हातात. इतकी वर्षं हे असं चाललं होतं की आपण असं करतो हेही तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. आता आलं. पायरीवरच्या फुलांकडे बघून तिच्या मानेपासून कानापर्यंत रक्त चढलं. परीक्षा त्याची होती, आणि नापास ती झाली होती.

ती फुलं उचलायला वाकणार, तेवढ्यात वेंडेलने तिच्या कोपराला हात लावला.

"थांब," तो म्हणाला. "घंटा होऊ दे."

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"ब्रदर लॅमर, जरा थांबता का?" वेंडेल म्हणाला. मग तिला ऐकू जाईल इतक्याच आवाजात बोलला. "दर टचडाउनला डॉइल मला कोपराने डिवचायचा. 'आता ग्लेंडाने पिशवी खाली ठेवली असेल,' म्हणायचा. घंटा झाली की म्हणायचा, 'उचलली बघ.' इतकी वर्षं. एकदासुद्धा चुकला नाही."

ग्लेंडाने पोटाशी धरलेले हात खाली सोडले.

"तो गेल्यावर ते मी म्हणायला लागलो," वेंडेल म्हणाला. "आता तिने पिशवी ठेवली असेल. आता उचलली असेल. लोकांना वाटतं, मी डॉइलशी बोलतो."

बाहेर सगळं शांत झालं होतं. किक मारायच्या आधी होतं तसं. म्हाताऱ्याही हलत नव्हत्या. ग्लेंडाने आता खिडकीकडे पाहिलं नाही. ती त्याच्या ओठांकडे बघत होती, ते आणखी काही म्हणतात का म्हणून.

मग हजारो माणसांचं लांबलचक विव्हळणं गल्ल्यांवरून आलं आणि विरून गेलं. घंटा वाजली नाही.

"हुकली," ब्रदर लॅमरांच्या तोंडून निघून गेलं. त्यांनी घाईघाईने पुस्तकात मान घातली.

 घंटा न होताच ग्लेंडाने वाकून फुलं उचलली.

"विचारा, ब्रदर लॅमर," ती म्हणाली.

"पुन्हा पहिल्यापासून घेऊ?"

"नको. जिथे थांबलात तिथूनच विचारा."