उंबऱ्यावरचं ‘न्हाई’

अट पहिली. मागच्या भेटीनंतर काही त्रास झाला का? हो असेल तर पुढची पानं उघडतील. नाही असेल तर बंद राहतील.

ही अट संपतनं लिहिली, आणि लिहिली तेव्हा तो मनातून खूश होता. जालन्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात रक्तदाबाच्या नव्या गोळीचा अभ्यास चालू होता. राजूरच्या आसपासच्या गावांतली माणसं गोळी घ्यायची, आणि दर महिन्याला दवाखान्याचा माणूस घरोघर जाऊन हातात मावणाऱ्या यंत्रावर त्यांची उत्तरं भरून आणायचा. यंत्रातले प्रश्न कुठं, कधी उघडायचे हे संपत ठरवायचा. जिला काहीच झालं नाही अशा बाईला घेरी, मळमळ, धडधड विचारत बसायचं म्हणजे तिचा स्वयंपाक खोळंबवायचा. म्हणून त्यानं ती सगळी पानं एका प्रश्नामागं ठेवली.

गावांत फिरायचं काम शिवाजीकडं. दोघं एका बाकावर शिकलेले, आणि शिवाजीला इथं कामाला चिकटवलं तेही संपतनंच. अट दाखवली तेव्हा शिवाजीनं नकाराची मान हलवली.

“आपल्याकडची बाई उंबऱ्यावर कधी दुखणं सांगती का? मरायला टेकली तरी ‘न्हाई, बरं हाय’ म्हणंल. आल्यागेल्यापुढं रडगाणं नको म्हणून. आत जाऊन बसावं, चहा होऊ द्यावा, मंग विचारावं.”

संपतला ते अगदी पटलं. त्यानं प्रश्नाच्या वर एक ओळ टाकली: घरात बसल्यावर विचारा. ओळ वाचता येते. ती पाळली की नाही हे यंत्राला कळत नाही. पण शिवाजी होता ना.

त्याच भरवशावर त्यानं द्वारकाबाईचं, आपल्या सख्ख्या मावशीचं नाव अभ्यासात घातलं. मावशी म्हणाली होती की तू सांगतोस म्हणून घेते, न्हाईतर मी अशा गोळीला हातबी लावला नसता.

दिवाळी झाली आणि मावशी पडली. शेळ्यांना पाला टाकून उभी राहिली ती तिथंच कोसळली. खुबा मोडला. संपतनं जालन्यात बसून तिची भरलेली उत्तरं काढली.

त्रास? नाही.
त्रास? नाही.
त्रास? नाही.

घेरीचं पान एकदाही उघडलेलं नव्हतं.

संपत गावी गेला तेव्हा मावशी बाजेवर पडून होती. घेरी तर पोळ्यापासून येऊन राह्यली, असं तिनं सहज सांगितलं. उठलं की डोळ्यांपुढं अंधारी. संपतनं विचारलं, मग सांगितलं का नाही?

“कोणाला सांगू? शिवाजी गाडी चालू ठेवून फाटकातूनच विचारायचा, मावशी बरं हाय ना. आता फाटकात उभ्या माणसाला काय सांगायचं? म्हटलं, बरं हाय. चहाला बोलवूस्तोर तो गेल्ता बी.” मग म्हणाली, “तूच धाडलेला माणूस. मला वाटलं, असंच विचारायचं ठरलं असंल तुमचं.”

राजूरच्या स्टँडवर शिवाजी भेटला. त्यानं काही नाकारलं नाही. एक अक्षर खोटं भरलं नाही, हे मात्र तो परत परत सांगत राहिला. बाईनं जे म्हटलं तेच बटण त्यानं यंत्रावर दाबलं होतं.

“ती न्हाई का म्हणती, हे तूच मला सांगितलंस,” संपत म्हणाला.

“सांगितलं. ठाऊक होतं म्हणूनच सांगितलं.” शिवाजीनं रुमालानं मान पुसली. “एक बाई हो म्हणली की अर्धा दिवस खलास. तू पंख्याखाली बसून पानं वाढवतो. मी किती घरं करू?”

अट दुसरी. दोस्त खोटं बोलला का? नाही.
पुढची पानं बंद.

संपत अभ्यास बघणाऱ्या मोठ्या डॉक्टरांकडं गेला. त्याचं मागणं एवढंच होतं की शिवाजीच्या गावांतल्या सगळ्या बायांना परत, नीट विचारावं आणि तोवर त्यांची गोळी थांबवावी. अजून कितीजणी भिंत धरून उठत असतील, कोण जाणे. डॉक्टरांनी शिवाजीलाही बोलावून घेतलं. दोघांचं ऐकलं आणि मग शांतपणे सांगितलं की भरणारा माणूस बेभरवशाचा असं वर कळवलं तर सगळा अभ्यास गुंडाळतील, आणि मग विचारायला कुणीच जाणार नाही. अटीत चूक होती असं कळवलं, तर चूक सुधारून परत विचारता येईल. गोळी आजच थांबेल.

“अट कुणी लिहिली?” त्यांनी विचारलं.

संपतनं शिवाजीकडं पाहिलं. बाया उंबऱ्यावर ‘न्हाई’च म्हणतात हे आपल्याला आधीच ठाऊक होतं, एवढं शिवाजीनं इथं सांगितलं असतं, तरी पुरे होतं.

“संपतनंच, साहेब,” शिवाजी म्हणाला.

खरंच होतं ते. अटीत चूक होती असं लिहिलेल्या कागदावर संपतनं सही केली. संध्याकाळी गावोगाव निरोप गेले, आणि गोळी थांबली.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं मावशीकडं पोचला, तर शिवाजी आधीच येऊन सांगून गेला होता. यंत्रातच घोटाळा होता म्हणे, आणि संपतनं तो कबूल केलाय.

“खरं का रे?” मावशीनं विचारलं.

परत विचारायची कामं सुरू झाली होती. आता वेगळं काही बोललं आणि ते वर पोचलं, तर तीही बंद पडणार.

“सही केली, मावशी.”

तो तिच्या उशाशीच बसला होता, तांब्या त्याच्या हाताजवळ होता. मावशीनं आतल्या खोलीतल्या सुनेला हाक मारली आणि पाणी मागितलं.