तोंड रघुवीरचं

‘धक्का’ हा चार पोरांचा बँड. गाणारा रघुवीर दादरचा, ड्रम वाजवणारा हरेश्वर वरळी कोळीवाड्यातला. त्यांचं एक गाणं टीव्हीवर दिवसभर वाजायला लागलं, तेव्हा परळच्या एका कंपनीने त्यांच्यावर व्हिडिओ गेम काढायचं ठरवलं. संपानंतर बंद पडलेल्या मिलच्या आवारात तिचं ऑफिस होतं. बँडवाले चाळींच्या छपरांवरून, होड्यांवरून उड्या मारत स्टेजपर्यंत पोचतात, असा गेम.

कंपनीत गेम बनवणाऱ्या जगदीशला पडद्यावरच्या बँडवाल्या बाहुल्यांच्या उड्या खऱ्या वाटत नव्हत्या. त्याने हरेश्वरला आवारात कॅमेऱ्यासमोर उभं केलं. लहानपणापासून या होडीवरून त्या होडीवर जाणारा पोरगा. दिवसभर उड्या मारत राहिला. जगदीशने त्याच उड्या चारही बाहुल्यांना दिल्या.

पुढे खर्च वाढला आणि कंपनीने हरेश्वरची बाहुली काढून तीनच ठेवल्या. हरेश्वरने रघुवीरला गाठलं.

“मागे बसणाऱ्याला पब्लिक ओळखत नाही, असं म्हणाले ते,” रघुवीर म्हणाला.

“आणि तू काय बोललास?”

“आम्ही तिघांनी नव्या करारावर सही केली. तुझी पण लागेल.”

हरेश्वरने सही केली नाही, बँडच सोडला. नव्या ड्रमवाल्याबरोबर शो पडले, तिघांत भांडणं लागली, बँड फुटला. कंपनीने गेम रद्द केला.

हरेश्वरला बरं वाटलं. आई सोनूबाई मासे विकून आली, तेव्हा त्याने तिला हसत सांगितलं.

“मग त्या जगदीशचं काय?” तिने विचारलं. “आपल्याकडे जेवून गेला होता तो.”

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो परळला गेला. जगदीश एकटाच सामान भरत होता. त्याने गेम लावून दिला. पडद्यावर रघुवीर हरेश्वरसारखा पाय फाकवून होडीत उतरत होता. हरेश्वर खेळला आणि पुन्हा पुन्हा पाण्यात पडला.

“माझे बाबा याच मिलमध्ये होते,” जगदीश म्हणाला. “संपात त्यांची नोकरी गेली. आता माझी. तू सही केली असतीस तर...”

“तर मी गेममध्ये नसतो.”

“सगळीकडे तूच होतास रे.”

“तोंड रघुवीरचं.”

जगदीशने कॉम्प्युटर बंद केला आणि वायरी गुंडाळायला घेतल्या. हरेश्वरने मदतीला हात पुढे केला, तर जगदीश म्हणाला, “राहू दे. जा तू.”