लाल तारेची गाठ

ऊनाच्या हार्पच्या दोन तारा उन्हाळ्यात कधीतरी तुटल्या होत्या, एक लाल आणि एक पांढरी. फेब्रुवारीत तिचा नवरा मॅनस समुद्रात बुडून गेला, तेव्हापासून तिने वाद्याला हात लावला नव्हता. त्याआधीही ती दोनच हिवाळे शिकत होती आणि तिला जेमतेम चार चाली येत होत्या. आता ऑक्टोबरात, येत्या गुरुवारी शिकवणी पुन्हा सुरू होणार म्हणून तिने शनिवारी आपल्या दिराला, कोनलला, बोलावून घेतले.

"मला नाही जमत या गाठी," दारातच ती म्हणाली. "या घरात गाठी यायच्या त्या तुम्हा भावांना. त्यातही तुझ्या बऱ्या. त्याचं सगळं घाईचं."

कोनल आत गेला.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी वादळाची सूचना होती. दोघे भाऊ छोट्या होडक्यातून खाडीत नांगरलेल्या आपल्या मचव्यावर गेले. खेकड्यांचे खोके किनाऱ्यावर न्यायचे होते, म्हणून कोनल शेजाऱ्याच्या मचव्यातून परतला. मॅनस पंप दुरुस्त करायला मागे राहिला. संध्याकाळी मचव्यावर मॅनस नव्हता आणि मचव्याला होडके नव्हते. वाहत चाललेले होडके धरायला त्याने पाण्यात उडी टाकली असावी, असे सगळे म्हणाले. तिसऱ्या दिवशी तो सापडला. होडके समोरच्या बेटावर खडकांत सापडले, पण त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, फुटून गेली होती. तिथली दोराची कडीही नव्हती आणि दोरही नव्हता. गाठ सुटली, दोर तुटला की कडी उखडली, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी मचव्यावर मॅनस एकटाच होता, म्हणून होडके त्यानेच बांधले असणार असे लोक धरून चालले. कोणी कोनलला विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

त्यानंतर तो दुसऱ्याच्या मचव्यावर जाऊ लागला. वेळेवर जेवे, आठ तास झोपे. धीराचा आहे, असे लोक म्हणत. बर्फगार पाण्यातून तासभर दोर ओढला की हात काम करताना दिसतात, पण ते आपले वाटत नाहीत. त्याचे दिवस तसे चालले होते.

हार्पच्या तारांखालच्या पोकळ पेटीला मागून मोठी छिद्रे होती. त्यातून हात घालून त्याने लाल तार पुढच्या फळीतल्या बारीक भोकातून वर काढली, आतल्या टोकाला आपली नेहमीची गाठ मारली, वरचे टोक खुंटीत ओवले आणि चावी फिरवू लागला. तार ताठ होत आली आणि फटकन सगळीच्या सगळी भोकातून वर आली.

"सुटली?" ऊनाने विचारले.

त्याने टोक बघितले. गाठ जशीच्या तशी होती. ऊनाने मग आपल्याला हार्प शिकवणाऱ्या मॅकगिन्ली बाईंना फोन लावून त्याच्या हाती दिला.

"गाठ सुटली नाही, बाई. भोकातूनच वर आली."

"फार नेटकी मारलीस ना?" बाई म्हणाल्या. "तुम्ही कोळी सगळे सारखेच. इथं नेटकेपणा नको, राजा. जुन्या जाड तारेचा नखाएवढा तुकडा गाठीत अडकव, म्हणजे भोकाला अडेल. आणि वर खुंटीला तीन वेढे बसतील इतकी ढिली सोड. तारा मोजूनमापून कापायची घाई केलीस तर ओरडेन हं."

तुकड्याने काम झाले. दोन्ही तारा सुराला लागल्या. पण रविवारी चर्चमधल्या मासनंतर तो डोकावला, तेव्हा लाल तार चांगली एक स्वर उतरलेली होती. त्याने ती चढवली. सोमवारी ती पुन्हा उतरली. मंगळवारीही तेच झाले. त्याने मागून हात घालून गाठ चाचपली. सरकते आहे की नाही, हे बोटांना कळेना. या वेळी त्याने स्वतःच फोन लावला.

"नवी तार आहे रे, ताणणारच," बाई हसल्या. "आठ-दहा दिवस रोज चढवायची. माझ्यावर विश्वास नसेल तर गाठीपाशी शाईची खूण कर आणि उद्या बघ."

त्याने खूण केली. बुधवारी दुपारी गुडघ्यांवर बसून त्याने पेटीत बॅटरीचा उजेड टाकला. तार उतरली होती. खूण गाठीला चिकटून, जिथल्या तिथे होती. कालपासून त्याला वाटत होते की हे दिसले म्हणजे आत कुठेतरी काही हलके होईल. तसे काही झाले नाही. या तारेची गाठ टिकली होती, एवढेच. दुसऱ्या गाठीबद्दल कोणतीच खूण उरलेली नव्हती.

ऊना चहा घेऊन आली. "धरली का?"

"धरली. तारच ताणतेय."

"बघ," ती खुर्चीत बसत म्हणाली. "अशी एक गाठ त्या दिवशी मारली असती त्यानं. एकच. आठ महिने मी रोज त्याच्याशी भांडतेय, कोनल. त्याच्या बुटांशीसुद्धा भांडते. आणि तुमची आई म्हणते, लहानपणापासून नाडी कधी धड बांधली नाही पोरानं."

"होडकं मी बांधलं होतं."

तिने कप खाली ठेवला. "कोणी?"

"मी. बांधलं आणि मग किनाऱ्यावर आलो. मॅनसनं त्या दोराला हातही लावला नव्हता."

"गाठ सुटली?"

"माहीत नाही. कधी कळणारही नाही."

ऊना त्याच्याकडे पाहत होती. ती रडली नाही, ओरडलीही नाही. चहावर साय धरली.

"काय काय बोलले मी त्याला," ती म्हणाली. "आणि तू इथं बसून ऐकत होतास."

"हो."

"आईंना तू सांगायचंस. मी नाही सांगणार. पण एकटा जाऊ नकोस. थांब, कोट घालते."

"आत्ता?"

"आत्ताच. पाचाला त्या जपमाळ घेऊन बसल्या की तासभर उठायच्या नाहीत."

आईचे घर चढावर, दोन शेतांपलीकडे होते. ऊना भराभर पुढे चालली होती आणि तो दोन पावले मागे होता. फाटकाचा आवाज ऐकून म्हातारीने काठीच्या टोकाने पडदा सारला, दोघांना एकत्र आलेले पाहिले आणि किटली शेगडीवर ठेवायला ती आत वळली.