बेटावरचा पहारा

मी एक जुनी होडी आहे. काठावर उपडी पडलेली, पाठीवर शेवाळ चढलेली. मित्रांनो, आज मला पाहून कोणाला खरे वाटणार नाही, पण स्कॉटलंडच्या डोंगरांतल्या या लॉख तॉरन सरोवराकाठी कोणी वारले की सगळ्यांना आधी माझी आठवण व्हायची.

माझा आताचा मालक डूगल, त्याच्या आजोबांनी मला बनवले. लार्च लाकडाच्या फळ्या, ओकच्या फासळ्या आणि वरून डांबर. शवपेटी नीट मावावी म्हणून त्यांनी मला मुद्दाम रुंद केले. या घराण्याची दफनभूमी सरोवरातल्या बेटावर आहे आणि तिथे जायला दुसरी वाट नाही. "किती शांत चालते ही!" असे पाद्रीबुवा म्हणायचे, तेव्हा मला बरे वाटायचे. आनंदाची फेरी मात्र माझ्या नशिबी क्वचितच आली.

घराण्याचे मूळ नाव मॅकग्रेगर. फार पूर्वी राजाने हे नाव लावणेच गुन्हा ठरवले. लावेल त्याला फास. जीव वाचवायला पूर्वजांनी ड्रमंड हे नाव घेतले. पुढे बंदी उठली, पण घेतलेले नाव तसेच चिकटून राहिले. यावरूनच डूगल आणि त्याचा धाकटा भाऊ इव्हर यांची जुंपली, तीही आईच्या उघड्या थडग्यापाशी.

"भ्यालेल्यांचं नाव आईच्या उशाला नको. मॅकग्रेगरच कोरायचं," डूगल म्हणाला.

"जन्मभर ती ड्रमंड म्हणून जगली. तुला मिरवायचंय म्हणून तिचं नाव बदलतोस?"

दगड कोराच राहिला. इव्हर कॅनडाला निघून गेला. हळूहळू काठावरची घरे रिकामी झाली आणि मला डांबर लावणेही थांबले.

इथे एक समजूत आहे. बेटावर जो सर्वांत शेवटी पुरला जातो, तो दफनभूमीचा पहारा करतो. पुढचा येईपर्यंत त्याला विसावा नाही. आईनंतर कोणी आलेच नव्हते.

यंदा शरदात, डोंगर तांबूस झाले असताना आणि नर हरणे माजावर येऊन हंबरत असताना, इव्हरची मुलगी मोराग बापाची राख घेऊन आली.

"काका, बाबांना बेटावर न्यायचंय."

"ड्रमंडला तिथे जागा नाही. कॅनडात माती संपली का?"

"नावाचं काय घेऊन बसलात? बाबांनी शेवटी एकच धोशा लावला होता, आईला सोडवायचंय म्हणून."

"तिला मी सोडवणार! थोरला मी आहे."

"आणि तोवर तिनं पावसात उभं राहायचं? तुमच्या हट्टापायी?"

डूगल माझ्याकडे वळला. मग वाकून त्याने माझी कड धरली आणि मला सुलटे केले.

माझी मला लाज वाटली. वाळलेल्या फटींतून पाणी आत येत होते. डूगल वल्हवत होता आणि मोराग डब्याने पाणी उपसत होती. तरी मी पोचवले. आईच्या शेजारी इव्हरला ठेवल्यावर म्हाताऱ्या डूगलने कोऱ्या दगडावर हात फिरवला.

"जा आई, पड आता. इव्हर आलाय." आणि तो लहान मुलासारखा रडला.

परतताना मध्येच त्याने वल्ही थांबवली.

"आता त्याला सोडवायला मी येईन. पण मला सोडवायला कोण गं, पोरी?"

मोराग पाणी उपसत राहिली. दोन दिवसांनी ती कॅनडाला परत गेली.

मित्रांनो, होडी कोरडी टाकली की मरते. तिला वर्षातून एकदा डांबर लावा, फटी बुजवा, एवढेच मागणे आहे. डूगलचा खोकला हल्ली थांबत नाही आणि माझ्या तळाची फळी कुजली आहे. त्याला घेऊन मी मध्येच बुडाले, तर तिकडे इव्हर उभाच राहील.