न थांबणाऱ्या पेशी

“ह्या का थांबंनात गं?” सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता भागिरथीनं विचारलं.

धाकटी बहीण माधुरी संगमनेरच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं काम करी. भागिरथी पाथर्डीकडं दिलेली; दरसाल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. यंदा तोडीवरच अंगावरून रक्त जायला लागलं. तपासणीत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. तो एका विषाणूमुळं होतो आणि विषाणू शरीरसंबंधातून येतो, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या नवऱ्यानं, अजिनाथनं, तेवढंच धरून ठेवलं. “तोडीवर कोन हुतं?” एवढा एकच प्रश्न तो बायकोला पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

नगरला उपचार सुरू व्हायचे होते. त्याआधी माधुरीनं प्रयोगशाळेच्या मॅडमची परवानगी काढून दोघांना इथं आणलं.

“आधीच्या बाटलीतल्या बघितल्यास ना, आक्का? त्या उंदराच्या साध्या पेशी. शेजारणीला टेकल्या की वाढायच्या थांबतात. एकच थर. ह्याबी त्याच, पण ह्यांच्यात आमी त्या विषाणूची दोन जनुकं घातली. त्यांनी पेशीचा ब्रेकच निकामी केला. आता एकमेकींच्या अंगावर चढून ढीग करत्यात.”

“माज्या पोटात ह्येच चाललंय?”

“असंच. फक्त तिथं वर्षं लागतात.”

“किती वर्सं?” दारात उभ्या अजिनाथनं विचारलं.

“दहा, पंधरा. कधी वीससुद्धा. हा विषाणू लई जणांना होतो, दाजी, नि बहुतेकांचा आपोआप जातो. एखादीच्या अंगात ठाण मांडतो. बाप्यांना तर पत्ताही लागत नाही.”

“मंजी... लग्नाआदी बाप्याला झाला आसंल, तरी?”

“तरीबी.”

लग्नाआधी अजिनाथ ट्रकवर क्लीनर होता. तो हळूच स्टुलावर बसला. भागिरथीनं मान वर करून त्याच्याकडं एकवार पाहिलं.

“ह्यास्नी परत थांबवता येतं का?” तिनं बहिणीला विचारलं.

“बाटलीत येतं. ती जनुकं बंद पाडली की थांबतात.”

“आन माज्यात?”

माधुरीनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. “किरणांचा शेक देतील, आक्का. त्यानं पुष्कळ बायका बऱ्या होतात,” ती म्हणाली. गाठ आजूबाजूला पसरल्याचं तिला ठाऊक होतं.

स्टँडवर अजिनाथ भागिरथीच्या जवळ सरकला. “भागे, चुकलं माजं.”

“मला नगरला पोचवा. तेवढं करा.”

नगरची गाडी लागली. अजिनाथ घाईनं आत शिरला, खिडकीची जागा धरली आणि तिच्यासाठी शेजारच्या जागेवर हात ठेवून बसला. भागिरथी कठड्याला धरत चढली, त्याच्या पुढं गेली आणि एका अनोळखी बाईशेजारी बसली. पदर नीट केला. गाडी हलली, तेव्हा खाली उभ्या माधुरीला बहिणीची ताठ मान दिसली. मागं अजिनाथचा हात अजून रिकाम्या जागेवरच होता.